अष्टकोनी पिंजऱ्यातील श्रमाचे मोल

#धागा

१/ १२ नोव्हेंबर १९९३. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात यूएफसीची पहिली स्पर्धा भरली. ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना नमवून ५० हजार डॉलर जिंकले. मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील लढवय्यांना त्यांच्या श्रमाचे पुरेसे मोल मिळते का, हा वाद आज जोरात आहे. त्याची मुळे इतिहासात शोधू.

२/ २००१ मध्ये झुफा कंपनीने यूएफसी २० लाख डॉलरना विकत घेतली. २०१६ मध्ये तिची विक्री झाली सुमारे ४०० कोटी डॉलरना. आरंभीची काही वर्षे मालकांनी मोठा तोटा सोसला, हे मान्यच करायला हवे. मात्र पुढे आलेल्या भरभराटीत लढवय्यांचा वाटा किती, हा खरा प्रश्न आहे.

३/ कॉनर मॅग्रेगरसारख्या मोजक्यांच्या संपत्तीवरून याचे उत्तर मिळत नाही. कसोटी लावायची ती एकूण महसुलातील वाट्याची. अमेरिकी बास्केटबॉल आणि अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडूंना महसुलाचा साधारण निम्मा भाग मिळतो. यूएफसीवरील खटल्यात पुढे आलेला वाटा मात्र जेमतेम एक-पंचमांश होता.

४/ नवोदिताचा करार बहुधा दुहेरी असतो : लढण्याचे ठरावीक मानधन आणि जिंकल्यास तेवढीच आणखी रक्कम. म्हणजे हरणाऱ्याची कमाई निम्मी. त्यातूनच प्रशिक्षक आणि व्यवस्थापक यांचे पैसे द्यायचे. कायद्याच्या लेखी तो नोकरदार नसून स्वतंत्र कंत्राटदार. त्यामुळे संघटना उभारून सामूहिक वाटाघाट करण्याचा मार्गही खडतर.

५/ मुष्टियोद्ध्यांची अशीच पिळवणूक रोखण्यासाठी अमेरिकेने २००० साली मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा केला. सामन्यातून आपल्याला किती उत्पन्न मिळते, हे आयोजकाने मुष्टियोद्ध्याला उघड करावे, असे त्यात आहे. तो कायदा मिक्स्ड मार्शल आर्ट्सला लागू नाही. येथे सामने भरवणारा आणि विजेतेपद बहाल करणारा एकच.

६/ बेसबॉलचा इतिहास येथे बोलका ठरतो. ‘रिझर्व्ह क्लॉज’ या अटीमुळे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाशी बांधलेला राही. कर्ट फ्लडने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. १९७२ मध्ये तो हरला. पण खेळाडूंची संघटना डगमगली नाही. १९७५ मध्ये लवादाच्या निवाड्याने ती बेडी तुटली आणि वेतने झपाट्याने वाढली. मालकांचे मन पालटले नव्हते. पालटली होती ती खेळाडूची सौद्यातील ताकद.

७/ डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली आणि इतर लढवय्यांनी यूएफसीवर मक्तेदारीचा खटला भरला. प्रतिस्पर्धी संस्था विकत घेऊन आणि दीर्घ करारांत बांधून आमचे मोल पाडले, असा त्यांचा आरोप होता. ३३.५ कोटी डॉलरची पहिली तडजोड न्यायाधीशांनी २०२४ मध्ये फेटाळली, ३७.५ कोटींच्या दुसरीला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. हजाराहून अधिक लढवय्ये तिचे लाभार्थी ठरले.

८/ माझे मत स्पष्ट आहे : मोबदला पुरेसा नाही. लढवय्याची उमेदीची वर्षे थोडी, आणि डोक्यावर बसलेल्या प्रहारांचा हिशेब अनेकदा निवृत्तीनंतर समोर येतो. तडजोडीचा पैसा गेलेल्या वर्षांची भरपाई आहे, उद्याच्या कराराची हमी नव्हे. ती हमी बेसबॉलपटूंना संघटनेने दिली. पिंजऱ्यात लढवय्या एकटाच उतरतो. वाटाघाटीच्या मेजावरही तो एकटाच बसला, तर हा वाटा बदलेल कसा?

(समाप्त)