बाबासाहेबांचे इन्सुलिन आणि भिवंडीची बारा तासांची पाळी

६ डिसेंबर जवळ आला की माईसाहेबांविषयीच्या कुजबुजीला ऊत येतो. आम्ही भिवंडीच्या वस्त्यांमध्ये मधुमेहींसोबत काम करतो. त्यामुळे ही कुजबूज आम्हाला निव्वळ अज्ञान वाटते.

२१ फेब्रुवारी १९४८ ला संविधानाचा मसुदा सादर झाला. त्याच काळात बाबासाहेबांचे पाय ठणकत होते, झोप उडाली होती. इन्सुलिन सुरू होते, पण आराम तात्पुरताच. इन्सुलिन म्हणजे नुसती सुई नव्हे. मात्रा जेवणाशी जुळवावी लागते, जेवण वेळेशी, आणि दोन्ही कष्टाशी. सुई घेऊन जेवण चुकले तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून घरात जाणते माणूस लागते. मार्च १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिताना बाबासाहेबांनी लग्नाच्या निर्णयामागे डॉक्टरांचा हाच सल्ला सांगितला. १५ एप्रिलला डॉ. शारदा कबीर माईसाहेब झाल्या.

पण औषधाला वेळ कोण देणार? १० ऑगस्ट १९५१ च्या पत्रात बाबासाहेबांनी नेहरूंना कळवले की डॉक्टर महिनाभर सलग उपचारांचा आग्रह धरताहेत, मात्र त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे. बिल लागले नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. शरीर कशाने झिजले, याचे उत्तर शोधायचे तर ते इथे शोधा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले होते. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही! कुजबूज करणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

आता भिवंडी. मजूरमंत्री म्हणून आठ तासांच्या कामाचा आग्रह बाबासाहेबांनी धरला, १९४६ ला कारखान्यांत आठवड्याचे ४८ तास कायद्यात आले. आमच्या यंत्रमागांवर आजही बारा तासांच्या पाळ्या चालतात. एक आठवडा दिवस, पुढचा रात्र. डॉक्टर चिठ्ठीवर 'सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी' लिहितात. रात्रपाळीवाल्याची सकाळ कोणती? फ्रिज नसेल तर वापरातली बाटली पिशवीत बांधून मडक्याच्या गारव्यात ठेवता येते, हे त्याला सांगावे लागते. चाळीस युनिटच्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज लागते. शंभरची नारिंगी वापरली तर तेवढ्याच खुणेवर अडीचपट कमी औषध जाते.

तरुणांनो, जयंतीच्या शिबिरात नुसती साखर मोजून चिठ्ठी देऊ नका. रुग्णाची पाळी विचारा, जेवणाची वेळ लिहून घ्या आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा. मालकाला जेवणाच्या सुट्टीचे विचारायला मात्र संघटना म्हणूनच जावे लागेल.