अडिकमेटचा माळ आणि विद्यापीठाचा आराखडा

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना कुलगुरूंची नामावली आणि पदवीदान-समारंभांच्या तारखा दिल्या जातात. ते विद्यापीठ ज्या भूमीवर उभे असते तिचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः विद्यापीठाच्या जमिनीचा आराखडा म्हणजे एका पिढीने पुढच्या पिढ्यांविषयी बाळगलेल्या अपेक्षांचा लेखच होय. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मराठवाड्यातील जुन्या पिढीचे उच्च शिक्षण त्याच्याशी निगडित असल्याने आपल्याला तर ते अधिकच जवळचे आहे.

इ. स. १९१८ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ मध्ये शहरातील भाड्याच्या इमारतींत वर्ग भरू लागले. कायम वास्तूची कोनशिला मात्र १९३४ साली बसली. मधली पंधरा वर्षे वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नगररचनेचे थोर अभ्यासक पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेण्यात आला आणि शहराच्या पूर्वेस अडिकमेट येथील विस्तीर्ण, खडकाळ माळ निवडण्यात आला. गेडिस यांनी त्यापूर्वी, १९१८ साली, इंदूर दरबारासाठी तयार केलेल्या अहवालातही विद्यापीठाचा विचार मांडलेला होता. पुढे १९३० मध्ये झैन यार जंग व सय्यद अली रझा या दोन वास्तुविशारदांना परदेशांतील विद्यापीठे पाहण्यासाठी पाठविले गेले. या प्रवासात कैरो येथे त्यांची अर्नेस्ट जास्पर या बेल्जियन वास्तुकाराशी गाठ पडली व त्यांच्याकडे आराखड्याचे काम आले. कला महाविद्यालयाची दगडी इमारत १९३९ मध्ये पूर्ण झाली. तिच्या भव्य कमानीत इस्लामी घाट आहे, तर स्तंभांची घडण वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचे स्मरण करून देते.

या योजनेचे मर्म मात्र आम्हांस इमारतीत नव्हे, तर इमारतींच्या मधल्या जागेत दिसते. त्या काळच्या गरजेच्या मानाने हजार एकरांहून अधिक जमीन राखणे हा उधळेपणा वाटला असता. परंतु ज्या विद्याशाखांची तेव्हा नावेही ठाऊक नव्हती त्यांनाही पुढे येथे जागा मिळाली, ती या उधळेपणामुळेच.

तथापि ज्या दूरदृष्टीने भूमीचा विचार झाला, तिने विद्यार्थ्याच्या भाषेचा विचार केला नाही. परकीय इंग्रजी सोडून देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा प्रयोग खरोखर धाडसी होता. त्यासाठी भाषांतर विभाग उघडून शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले गेले. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगु, मराठी व कानडी या होत्या. त्या विषय म्हणून शिकविल्या जात. ज्ञानाचे माध्यम मात्र होऊ शकल्या नाहीत. इ. स. १९३८ मध्ये वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ गाण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. कला महाविद्यालयाची भव्य वास्तू वर चढत होती त्याच काळात ज्यांच्यासाठी ती बांधली जात होती त्यांतील काही जण दुसऱ्या प्रांतात निघाले होते, हा विरोधाभास विसरता येत नाही.

इ. स. १९४८ नंतर उर्दू माध्यम गेले आणि त्याच्या जागी आली ती इंग्रजीच. ज्या माध्यमासाठी हा सारा खटाटोप झाला, ते तीस-बत्तीस वर्षांत संपले; दगड आणि माळ राहिले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले, आणि आपल्या मुलांची उस्मानियाची वाट हळूहळू मोडली. नव्या विद्यापीठासही लेण्यांच्या डोंगरपायथ्याशी प्रशस्त जागा लाभली. एवढा वारसा तरी आपण जुन्या घरातून नेला असे म्हणण्यास हरकत नाही.

यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, भूमीची योजना करणाराने आपल्या अज्ञानाची जाणीव ठेवावी आणि न सुचलेल्या कार्यासाठी जागा सोडावी. दुसरी अशी की, ही उदारता केवळ जमिनीपुरती ठेवून भागत नाही. भाषेच्या बाबतीतही शेजाऱ्यासाठी जागा सोडावी लागते. आज वाढत्या शहरांत विद्यापीठाची मोकळी जमीन दिसली की ‘ही पडून आहे’ असे सहज म्हटले जाते आणि तिच्यावर अनेकांची दृष्टी वळते. ती पडून नसते. ती अद्याप न जन्मलेल्या विद्यार्थ्यांच्या नावे राखलेली ठेव असते. ठेवीदार स्वतः येऊन मागू शकत नाही, म्हणूनच तिची राखण शिक्षकांनी करावयाची असते.