होम थिएटर संगणक: मीडिया सेंटर निवडताना

दिवाणखान्यातील टीव्हीला संगणक जोडून चित्रपट, गाणी, छायाचित्रे आणि घरगुती चित्रफिती एकाच ठिकाणी पाहण्याची सोय म्हणजे होम थिएटर संगणक. या सर्वांची पडद्यावर मांडणी करते ते मीडिया सेंटर सॉफ्टवेअर. ते निवडताना अनेकदा पडद्यावरील सजावटीकडेच लक्ष जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की हे सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, तर लग्नाची चित्रफीत आणि आजोबांचा आवाज आपल्या हाती राहील काय?

ही शंका अनाठायी नाही. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली. त्या काळी अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत केबलची वायर थेट संगणकाच्या टीव्ही ट्यूनर कार्डाला जोडून मालिका ध्वनिचित्रमुद्रित करता येत. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईतील केबलच्या डिजिटायझेशनची मुदत होती. त्यानंतर वाहिन्या कूटबद्ध होऊन सेट-टॉप बॉक्समधूनच दिसू लागल्या आणि ती कार्डे या कामी निरुपयोगी ठरली. पुढे २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मधून मीडिया सेंटरच वगळण्यात आले. ज्यांनी जुनी मुद्रणे त्याच्या ‘डब्ल्यूटीव्ही’ स्वरूपात ठेवली असतील, त्यांनी ती शक्य तितक्या लवकर ‘एमपी४’ अथवा ‘एमकेव्ही’ स्वरूपात उतरवून घ्यावीत.

आजच्या पर्यायांपैकी तीन प्रमुख होत.

कोडी: २००२ मध्ये एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी सुरू झालेल्या प्रकल्पाचे हे रूप, कोडी हे नाव २०१४ मधील. ते मोफत व मुक्तस्रोत असून विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर चालते. संगणक आणि टीव्ही एकाच खोलीत असतील, तर हेच सर्वांत सोयीचे. कोडी स्वतः चित्रपट पुरवीत नाही. ‘सर्व काही फुकट’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या पेट्यांतील अनधिकृत जोडण्यांपासून दूर राहावे.

प्लेक्स: कोडीच्याच पूर्वावताराची ही २००८ मधील शाखा. संग्रह एका संगणकावर ठेवून तो इतर खोल्यांतील टीव्हीवर वा मोबाइलवर पाहता येतो. मांडणी सुबक आहे. परंतु कंपनीकडे खाते उघडावे लागते. घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहण्यासाठी एप्रिल २०२५ पासून पैसे मोजावे लागतात.

जेलीफिन: एम्बी या सॉफ्टवेअरचा स्रोत बंद झाल्यावर २०१८ मध्ये त्यातून निघालेला मुक्त पर्याय. प्लेक्ससारखीच रचना, पण शुल्क नाही आणि कंपनीचे खातेही नाही. मात्र मांडणी व देखभाल स्वतः करण्याची तयारी हवी.

शेवटच्या दोन पर्यायांत एक बाब ध्यानात ठेवावी. समोरच्या उपकरणाला फाइलचे स्वरूप मानवत नसेल, तर मुख्य संगणक ती चालू असतानाच रूपांतरित करतो. त्याने प्रोसेसरवर ताण येतो, पंखा घोंघावू लागतो आणि लहानशा दिवाणखान्यात तो आवाज जाणवतो. घरातील सर्व उपकरणांना चालणारे स्वरूप आधीच निवडल्यास हा त्रास टळतो.

मराठी घरांसाठी एक साधी चाचणी सांगता येईल. ‘आत्याचे लग्न, श्रीवर्धन’ असे देवनागरी नाव देऊन एक फोल्डर तयार करावा आणि जोडाक्षरे नीट उमटतात का, ते पाहावे. कोडीत अक्षरांऐवजी चौकोन दिसल्यास टंकाच्या पर्यायांतून ‘एरियल’ निवडावा. चित्रपटांची माहिती ही सॉफ्टवेअरे इंटरनेटवरून आणतात. घरगुती चित्रफितींची माहिती तेथे असणार नाही. ती आपणच लिहून फाइलशेजारी ‘एनएफओ’ फाइलमध्ये ठेवावी. कोडी आणि जेलीफिन दोन्ही ती वाचू शकतात, त्यामुळे सॉफ्टवेअर बदलले तरी श्रम वाया जात नाहीत.

सारांश, एका टीव्हीसाठी कोडी, अनेक पडद्यांसाठी जेलीफिन आणि शुल्क व खाते मान्य असल्यास प्लेक्स. कोणतेही घेतले तरी मूळ फाइली साध्या फोल्डरांत, वर्षवार नावे देऊन ठेवाव्यात आणि त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी असावी. सॉफ्टवेअर पुन्हा मिळते. पुसली गेलेली चित्रफीत मिळत नाही.