शिक्षणासाठीची सरकारी मदत : हक्क, कागद आणि खाते

मध्य प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत एक समज पक्का आहे : सरकारी मदत आपल्यासाठी नसते. काहींना ती मागण्याचा संकोच वाटतो, तर काहींना अटी माहीत नसतात. आपल्या सभासदांत निवृत्तिवेतनावर चालणारी घरे आहेत, लहान दुकाने आहेत, पोळी-भाजी केंद्र चालवून मुले शिकवणाऱ्या भगिनीही आहेत. त्यांच्या मुलांना कायद्याने मिळणारे पैसे कित्येकदा पात्रता नसल्यामुळे नव्हे, तर नावातला एक फरक, चुकलेली तारीख किंवा जुने बँक खाते यांमुळे अडकतात. आम्ही आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलो, त्यामुळे हा शेवटचा टप्पा आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. या लेखात पहिलीपासून महाविद्यालयापर्यंतच्या मुख्य तरतुदी आणि पैसे खात्यात येईपर्यंतची वाट क्रमाने दिली आहे.

१. पहिली ते आठवी : शिक्षण हक्क कायदा

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-क आले आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यासाठीचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. याच कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. शाळेत नर्सरी किंवा केजी असेल, तर तिथूनच हा नियम लागतो.

मध्य प्रदेशात दुर्बल घटक म्हणजे दारिद्र्यरेषेखालील यादीतील कुटुंब. वंचित घटकांत अनुसूचित जाती व जमाती, विमुक्त जाती, दिव्यांग मुले इत्यादी येतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, मूळ कागदपत्रे ठरलेल्या केंद्रावर तपासून घ्यायची असतात आणि मग सोडतीने शाळा मिळते. सोडतीत घराजवळच्या शाळेला प्राधान्य असते, म्हणून पत्त्याचा पुरावा ताजा हवा. भाड्याचे घर बदलले आणि कागदावर जुनाच वॉर्ड राहिला, तर जवळची शाळा हातची जाऊ शकते.

या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार शाळेला परत देते. सरकारचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांपैकी जी रक्कम कमी असेल ती शाळेला मिळते. ही परतफेड उशिरा आली तरी ती बाब शाळा आणि सरकार यांच्यातली आहे. ‘सरकारचे पैसे आले नाहीत, तूर्त तुम्ही भरा’ असे पालकांना सांगता येत नाही. प्रवेशासाठी देणगी घेण्यास कलम १३ नुसार मनाई आहे.

२. आठवीनंतरचा खड्डा

शिक्षण हक्क कायद्याची मोफत जागा आठवीपर्यंतच असते. नववीत मुलगा किंवा मुलगी त्याच शाळेत राहिली, तर पूर्ण फी घरातून भरावी लागते. हे बहुतेक पालकांना आठवीचा निकाल हातात आल्यावर कळते.

दुसरीकडे, नववी ते बारावीसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल गुणवत्ता शिष्यवृत्ती २००८ पासून चालू आहे. देशभरात दरवर्षी १ लाख नव्या विद्यार्थ्यांना ती मिळते. रक्कम वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. पालकांचे वार्षिक उत्पन्न ३.५ लाख रुपयांपेक्षा जास्त नसावे, सातवीत किमान ५५ टक्के गुण असावेत आणि आठवीत असताना निवड परीक्षा द्यावी. ही शिष्यवृत्ती मात्र फक्त सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी आहे. केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि खासगी विनाअनुदानित शाळांतील मुले तिला पात्र नाहीत.

याचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. आरटीईच्या जागेवर खासगी शाळेत शिकणारे हुशार मूल आठवीनंतर दोन्हीकडून सुटते : मोफत जागा संपते आणि ही शिष्यवृत्तीही मिळत नाही. म्हणून मूल सहावी-सातवीत असतानाच शाळेत जाऊन नववीची फी किती आणि सवलत आहे का, हे विचारावे. फी झेपणार नसेल आणि मूल अभ्यासात पुढे असेल, तर आठवीपासून चांगल्या सरकारी किंवा अनुदानित शाळेचा पर्याय कमीपणाचा मानू नये. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण अशाच शाळांत झाले आहे.

शिष्यवृत्ती मिळाली तरी दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर तिचे नूतनीकरण करावे लागते. वर्ग पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण व्हावा लागतो आणि अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीत ६० टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट आहे. मूल पात्र असूनही नूतनीकरणाची तारीख गेली, तर त्या वर्षाचे पैसे जातात.

३. मुलींसाठी : लाडली लक्ष्मी

मध्य प्रदेशात ही योजना २००७ पासून आहे. १ जानेवारी २००६ नंतर जन्मलेल्या, राज्याच्या मूल निवासी आणि आयकर न भरणाऱ्या पालकांच्या मुलींना ती मिळते. दुसऱ्या अपत्यानंतर कुटुंब नियोजनाची अट आहे. नोंदणी सर्वसाधारणपणे जन्मापासून एका वर्षात, अंगणवाडीमार्फत किंवा ऑनलाइन करायची असते.

रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते : सहावीच्या प्रवेशावर २,००० रुपये, नववीच्या प्रवेशावर ४,००० आणि अकरावी व बारावीत प्रत्येकी ६,०००. २०२२ मध्ये योजनेचे दुसरे रूप आले आणि महाविद्यालयीन प्रवेशासाठी दोन हप्त्यांत २५,००० रुपयांची भर पडली. मुलगी २१ वर्षांची झाल्यावर १ लाख रुपये मिळतात. मात्र तिने बारावीची परीक्षा दिलेली असावी आणि तिचे लग्न १८ वर्षांआधी झालेले नसावे.

शहरी मराठी घरांचा अंगणवाडीशी संबंध सहसा येत नाही, म्हणून नोंदणी राहून जाते. घरात नात जन्मली की बारशाच्या यादीतच हे काम लिहून ठेवावे.

४. बारावीनंतर

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना २०१७ पासून आहे. राज्य मंडळाच्या बारावीत ७० टक्के किंवा सीबीएसई अथवा आयसीएसईत ८५ टक्के गुण मिळवणाऱ्या, राज्यातील मूल निवासी विद्यार्थ्यांची पदवी शिक्षणाची फी तिच्यातून भरली जाते. उत्पन्नाची मर्यादा आहे आणि अभियांत्रिकी, वैद्यकीय वगैरेंसाठी प्रवेश परीक्षेच्या वेगळ्या अटी आहेत. दोन मंडळांतला १५ टक्क्यांचा फरक मोठा आहे. मूल कोणत्या मंडळातून बारावी करणार, हे ठरवताना तो लक्षात ठेवावा.

शैक्षणिक कर्जासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरलेल्या गुणवत्ता यादीतील संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याज सवलतीचा लाभ घेतलेला नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या व त्यापुढील सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. संस्था त्या यादीत आहे का, हे प्रवेशाची फी भरण्याआधी पाहावे.

५. मराठी नाव आणि सरकारी कागद

आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त अडचणी इथे येतात.

पहिली अडचण जन्मदाखल्याची. रुग्णालयातून जन्माची नोंद लगेच होते आणि बारसे नंतर होते, त्यामुळे दाखल्यावर बाळाचे नावच नसते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशासह अनेक कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. तेव्हा हे काम पुढे ढकलू नये.

दुसरी अडचण ‘ळ’ची. हिंदी कागदांवर काळे यांचे काले होतात आणि साळुंखे यांचे सालुंके. रोमन लिपीत आणखी वेगळे स्पेलिंग होते. ‘सुनील’ एका कागदावर दीर्घ, दुसऱ्यावर ऱ्हस्व. संगणक ही दोन वेगळी माणसे धरतो.

तिसरी अडचण मधल्या नावाची. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते. एका कागदावर ते असते, दुसऱ्यावर नसते. वडिलांच्या नावापुढे कुठे ‘राव’ लागतो, कुठे लागत नाही.

चौथी अडचण आईच्या नावाची. लग्नात नाव बदललेले असेल, तर आईची गुणपत्रिका, आधार आणि मुलाचा दाखला यांवर तीन वेगळी नावे निघतात. शपथपत्र आणि विवाह प्रमाणपत्र एकदाच करून ठेवावे.

दुरुस्ती करताना क्रम पाळावा : आधी जन्मदाखला, मग आधार, मग समग्र, मग शाळेचे दाखिल-खारिज रजिस्टर आणि शेवटी बँक. क्रम उलटा झाला, तर तेच काम दोनदा करावे लागते. समग्रमध्ये कुटुंबाचा क्रमांक ८ अंकी आणि प्रत्येक सदस्याचा ९ अंकी असतो, दोन्ही वहीत लिहून ठेवावेत. मुलाच्या आधारचे बायोमेट्रिक ५ आणि १५ वर्षांच्या वयानंतर नव्याने द्यावे लागते. शिष्यवृत्तीचे अर्ज नेमके १५ च्या आसपास सुरू होतात, म्हणून हे आधीच उरकावे.

६. बँकेतला शेवटचा टप्पा

‘खात्याला आधार जोडले आहे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, केवायसीसाठी आधार दिले आहे. दुसरा, तुमचा आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडला आहे याची नोंद एनपीसीआयच्या यादीत झाली आहे. अनुदानाचे पैसे आधारवर पाठवले जातात तेव्हा ते या यादीत ज्या बँकेची नोंद असेल तिथेच जातात. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक तिथे पाहिला जात नाही. मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडताना संमतीवर सही झाली असेल, तर पैसे त्या खात्यात गेलेले असू शकतात. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या पालकांनी आधी हे पाहावे. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मोफत पाहता येते.

आणखी तीन गोष्टी :

– मूल १८ वर्षांचे झाले की अज्ञान खात्यासाठी नवी केवायसी आणि नवी सही द्यावी लागते. ती दिली नाही, तर बँक व्यवहार थांबवू शकते. पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या वेळीच हे घडते.

– दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर बचत खाते निष्क्रिय होते. सरकारी योजनांसाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना यातून वगळावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. त्यासाठी खाते त्या प्रकारात नोंदलेले हवे, ही विचारणा शाखेत करावी.

– बँकेकडे तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. राज्याच्या योजनांसाठी सीएम हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.

७. मराठी संस्थांच्या शाळांविषयी

आपल्यातले काही सभासद शाळांच्या कार्यकारिणीवर आहेत, म्हणून थोडेसे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सांगितले की भाषिक अल्पसंख्याक ठरवताना राज्य हे एकक धरायचे. त्यामुळे मध्य प्रदेशात मराठी भाषक भाषिक अल्पसंख्याक ठरतात. घटनेच्या कलम ३०(२) नुसार संस्था भाषिक अल्पसंख्याकांची आहे या कारणावरून अनुदान देताना भेदभाव करता येत नाही. कलम ३५०-क प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास राज्याला सांगते.

याला दुसरी बाजू आहे. २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी अल्पसंख्याक शाळांना २५ टक्के जागांच्या बंधनातून वगळले. शाळेने अल्पसंख्याक दर्जा घेतला की व्यवस्थापनाला मोकळीक मिळते, पण आपल्याच गरीब कुटुंबांतील मुलांसाठी त्या शाळेतली आरटीईची मोफत जागा राहत नाही. असा दर्जा मागणाऱ्या कार्यकारिणीने तितक्या मुलांची फी माफ करण्याचा ठराव त्याच सभेत करावा, असे आम्हाला वाटते.

८. घरात ठेवायची फाइल

प्रत्येक मुलाची एक वेगळी फाइल करावी. तीत जन्मदाखला, आधार, समग्र क्रमांक, मूल निवासी प्रमाणपत्र, चालू आर्थिक वर्षाचे उत्पन्न प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, मागील वर्षाची गुणपत्रिका, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि प्रत्येक अर्जाची पावती असावी. मूल निवासी आणि उत्पन्न प्रमाणपत्रासाठी लोकसेवा केंद्रात जावे. जून उजाडण्यापूर्वी ही फाइल एकदा उघडून पाहावी. रकमा आणि अटी सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचा आदेश वाचावा.

ही मदत कोणाची मेहेरबानी नाही. कायद्याने आणि अंदाजपत्रकाने ती मुलांच्या नावे ठेवलेली आहे. आपल्या ओळखीत, आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी, सहावीत किंवा आठवीत शिकणारे मूल असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवावा आणि एकदा त्यांच्याबरोबर शाळेत जावे.