कानातला नंबर

२०२१ सालच्या पावसाळ्यात एका शेल्टरमधून मी कुत्रा घरी आणला. फॉर्म भरायला बसलो तेव्हा 'जात' या रकान्यात तिथल्या बाईंनी 'बीगल मिश्र' असं लिहिलं. आयुष्यभर कचेरीत रकाने भरत आलेला माणूस मी, त्यामुळे 'मिश्र' म्हणजे नक्की कशात मिश्र, हे विचारल्याशिवाय राहवेना. बाई हसल्या. म्हणाल्या, "कान लांब, आवाज मोठा, नाक सतत जमिनीला. बाकी देव जाणे!" वय दोन वर्षं लिहिलं. नंतर डॉक्टरांनी दात बघून पाच तरी असेल म्हणून सांगितलं. असो.

पण सही करण्याआधी त्या बाईंनी एक गोष्ट केली ती डोक्यातून जाईना. त्यांनी कुत्र्याचा कान उलटा केला आणि आतल्या कातडीवरून अंगठा फिरवून काहीतरी शोधलं. काय बघता, विचारलं, तर म्हणाल्या, "नंबर. प्रयोगशाळेतून आलेला असला तर कानात गोंदलेला असतो. मी बंगळूरला बघितलेत."

आमच्या कुत्र्याच्या कानात नंबर नव्हता. लॉकडाऊनमध्ये कुणीतरी हौसेने घेतला आणि फ्लॅट सोडताना मागे ठेवला, एवढीच त्याची कथा. पण ज्यांच्या कानात नंबर असतो ते कोण, हे शोधत मी बरेच दिवस वाचत बसलो. त्यातलं काही मंडळींना सांगावंसं वाटलं.

बीगल हा मूळचा इंग्लंडातला ससे हुंगत जाणारा शिकारी कुत्रा. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इतके छोटे बीगल पाळत की त्यांना खिशातले बीगल म्हणत. आज आपण बघतो तो बीगल १८३० च्या दशकात इसेक्समधल्या हनीवूड नावाच्या पाद्र्याने जमवलेल्या कळपातून आला असं मानतात. १८७० च्या दशकात तो अमेरिकेला पोहोचला. सशामागे हा कुत्रा एकटा धावत नाही, वीस-तीसांच्या टोळीने धावतो. घोड्यावर बसायची गरज नाही, माणूस पायी त्यांच्या मागे जाऊ शकतो. म्हणजे शतकानुशतकं माणसाने या जातीत दोन गुण वाढवले : एकमेकांशी न भांडता कळपात राहणं, आणि कोणाही माणसाने उचललं तरी न चावणं. टोळीतल्या कुत्र्याला चावरा स्वभाव परवडत नाही, असला चावरा की मालक त्याची पैदास थांबवणार.

हाच गुण पुढे त्याच्या जिवावर उठला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर, साधारण १९५० नंतर, अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना एकसारखे, ठरावीक वजनाचे, वंशावळ माहीत असलेले कुत्रे हवे होते. बीगल दहा-बारा किलोचा, पिंजऱ्यात मावणारा, केस आखूड, कळपात राहणारा. आणि मुख्य म्हणजे सुई टोचणाऱ्या हाताकडेच शेपूट हलवत येणारा. युटा आणि कॅलिफोर्नियात किरणोत्सारी पदार्थ शरीरात गेल्यावर काय होतं हे बघायला बीगलांच्या वसाहती होत्या. अणुचाचण्यांच्या त्या दशकांत शेकडो कुत्र्यांना जन्मभर रेडियम, स्ट्रॉन्शियमसारख्या पदार्थांबरोबर ठेवून त्यांची हाडं तपासली गेली. १९७५ साली इंग्लंडात मेरी बीथ नावाच्या पत्रकार बाई नोकरीच्या निमित्ताने एका प्रयोगशाळेत शिरल्या आणि तोंडाला मुखवटे बांधून सिगारेटचा धूर ओढायला लावलेल्या बीगलांच्या ओळीचा फोटो बाहेर आणला. तो फोटो पाहून इंग्लंड हादरलं. बिचारे शांत बसलेत, हेच त्यात सर्वांत भयानक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. माझी आई रोज दोन वेळा पोटात इन्शुलिनची सुई घेते. ते इन्शुलिन १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून मिळवलं. ते कुत्रे बीगलच होते असं नाही, मिळतील ते होते. पण मी कुत्र्यांवरच्या प्रयोगांविषयी रागाने बोलायला लागलो की फ्रीजमधलं ते पेन दिसतं आणि जीभ अडखळते. म्हणून 'सगळं बंद करा' अशी आरोळी मी ठोकत नाही. मला जो प्रश्न पडतो तो कारकुनाचा : प्रयोग संपल्यावर त्या कुत्र्याच्या नोंदीसमोर काय लिहायचं? बरीच वर्षं उत्तर एकच होतं. मारून टाकला.

कायदा हलला तोही एका हरवलेल्या कुत्र्यामुळे. १९६५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका कुटुंबाची 'पेपर' नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली. शोधत शोधत कुटुंब न्यूयॉर्कपर्यंत पोहोचलं, तेव्हा ती एका इस्पितळातल्या प्रयोगात मरून गेली होती. या प्रकरणावर गदारोळ उठला आणि १९६६ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीच्या कायद्यावर सही केली. गंमत बघा, तो कायदा आला मुख्यतः पाळीव कुत्रे चोरीला जाऊ नयेत म्हणून. जो कुत्रा कुणाचाच नाही, पिंजऱ्यातच जन्मला, त्याची चोरी कोण नोंदवणार? चोरीच्या कुत्र्यांवर टाच आली तसं मुद्दाम पैदास केलेल्या बीगलांचं महत्त्व उलट वाढलं. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांतही दर साली चाळीस ते साठ हजार कुत्रे प्रयोगांत वापरले गेल्याची सरकारी नोंद आहे, त्यात मोठा वाटा बीगलांचा.

मग ही मंडळी घरी जायला कधी लागली? २०१४ साली मिनेसोटा राज्याने कायदा केला की करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांनी धडधाकट कुत्रे-मांजरं मारण्याऐवजी दत्तक द्यायला पुढे करावीत. अमेरिकेत असा कायदा करणारं ते पहिलं राज्य. त्याच्या दोन वर्षं आधी इटलीत मोठं प्रकरण झालं होतं. ब्रेशाजवळ मोंतिकियारी गावात 'ग्रीन हिल' नावाचं बीगल पैदास केंद्र होतं. एप्रिल २०१२ मध्ये लोकांनी भरदिवसा कुंपण ओलांडून पिल्लं हातोहात बाहेर काढली. काट्यांच्या तारेवरून एक पिल्लू खालच्या हातांत दिलं जातंय, तो फोटो तुम्ही कदाचित पाहिला असेल. जुलैत सरकारने केंद्रच जप्त केलं आणि अडीच हजारांहून जास्त बीगल कुटुंबांकडे सांभाळायला दिले गेले. खटला चालू असेपर्यंत ते कुत्रे कायद्याने 'मुद्देमाल' होते! मुद्देमाल सोफ्यावर झोपतोय, मुलांच्या ताटातलं खातोय. आमच्या कचेरीतला मुद्देमाल धूळ खातो, दुसरं काही नाही. पुढे २०१४ मध्ये इटलीने प्रयोगांसाठी कुत्र्यांच्या पैदाशीवरच बंदी घातली.

सर्वांत मोठी घटना मात्र २०२२ ची. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात कंबरलँड येथे एनव्हिगो या कंपनीचं बीगल पैदास केंद्र होतं. २०२१ मध्ये सरकारी निरीक्षकांच्या अहवालात एकेक बाब नोंदली गेली : सात महिन्यांत तीनशेहून अधिक पिल्लं मेली, त्यांच्या मृत्यूचं कारण शोधायची तसदी कुणी घेतली नाही, दूध पाजणाऱ्या माद्यांना चाळीस तासांच्या वर खायला दिलं नाही. अहवाल लिहिले गेले आणि काही काळ नुसते पडून राहिले. (हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.) शेवटी मे २०२२ मध्ये केंद्र सरकारची माणसं आत शिरली आणि ४४६ कुत्रे तातडीने बाहेर काढले. उरलेल्यांचं काय करायचं? जुलैत न्यायाधीश नॉर्मन मून यांच्या आदेशाने ते एका प्राणीसंस्थेच्या स्वाधीन करायचं ठरलं. मुदत साठ दिवसांची.

साठ दिवसांत जवळजवळ चार हजार कुत्रे! पहिली गाडी जुलैत निघाली, शेवटची सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला. मोजणी झाली ३,७७६. देशभरातल्या शंभराहून जास्त शेल्टरांनी ते आपसांत वाटून घेतले. कुणी पाच, कुणी पन्नास. कॅलिफोर्नियात गेलेली सात वर्षांची एक मादी इंग्लंडच्या राजपुत्र हॅरीच्या घरी पोहोचली. २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि साडेतीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरायची ठरली. कंबरलँडचं केंद्र त्याआधीच बंद पडलं होतं.

त्या कुत्र्यांना घरी नेलेल्या लोकांनी जे सांगितलं ते वाचताना मी रात्री जागा राहिलो. गवतावर पाय ठेवायला घाबरणारे कुत्रे. जिना म्हणजे काय हे ठाऊक नसलेले. दारात उभे राहून आत यावं की नाही हे न कळणारे, कारण त्यांना दार माहीतच नव्हतं. चेंडू टाकला तर चेंडूकडे नाही, टाकणाऱ्या हाताकडे बघणारे. जन्मभर तारेवर उभं राहून तळवे रुंद झालेले. खालीच खायचं-हगायचं अशी सवय, त्यामुळे बाहेर जाऊन शू करायची हे प्रौढपणी शिकायचं. घरात आधीचा एखादा कुत्रा असला तर हे लवकर शिकतात, कारण कळपातल्या कुत्र्याला माणसापेक्षा कुत्र्याचं पटकन कळतं. काही महिन्यांनी त्यातले बहुतेक सोफ्यावर. तोच स्वभाव, ज्यासाठी त्यांना निवडलं होतं.

अमेरिकेतल्या शेल्टरांत नंबरवाल्यांपेक्षा बिननंबरी हाउंडच जास्त. दक्षिणेकडच्या राज्यांत शिकारीचा हंगाम संपला की न चालणारे शिकारी कुत्रे रस्त्यावर सोडून देणारे काही लोक असतात. ते सगळे शेल्टरात येऊन 'बीगल मिश्र' होतात. पण यांतून एक सरकारी खातं माणसं, म्हणजे कुत्रे, उचलतं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस विमानतळावर अमेरिकेच्या शेतकी खात्याने बीगलांचं पथक सुरू केलं. जॉर्जियातल्या न्यूनान गावी त्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि तिथे येणारे पुष्कळ कुत्रे शेल्टरांतूनच येतात. काम काय, तर प्रवाशांच्या सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायचं. २०१८ मध्ये अटलांटा विमानतळावर 'हार्डी' नावाच्या बीगलने बॅगेतून भाजलेलं डुकराचं डोकं शोधलं. हार्डी स्वतः छळ सोसून शेल्टरात आलेला होता. तेव्हा आमच्यापैकी कुणी अमेरिकेतल्या भाच्याला मानकुराद किंवा चोरीस न्यायचा विचार करत असेल, तर सांभाळून! कपड्यांच्या तिसऱ्या थराखाली ठेवलं तरी हिरव्या कोटातला शासकीय कर्मचारी येऊन शेजारी निमूट बसतो.

आपल्याकडे २०१६ साली बंगळूरमधल्या एका प्रयोगशाळेतून दीडशेहून अधिक बीगल सोडण्यात आले आणि तिथल्या प्राणीप्रेमी संस्थेने त्यांना घरं शोधली. शेल्टरातल्या बाईंनी अंगठा फिरवला तो बहुधा त्याच आठवणीने.

आता आमच्या टिप्याचं. बीगलचे लांब कान आणि गोव्याचा पावसाळा यांचं जमत नाही. दर आठवड्याला कान पुसून कोरडे करावे लागतात, नाहीतर आत बुरशी. गोचिडी शोधायच्या त्या वेगळ्याच. पट्टा सोडला की नाक नेईल तिकडे जातो, हाक ऐकू येत नाही. घरात कुणी नसलं की असा हेल काढतो की शेजारचे काका विचारतात, "कोण गेलो रे तुमगेलो?" आईने पहिल्या दिवशी "हें सुणें खंयच्यान हाडलें?" म्हणून तोंड फिरवलं. आता सकाळची इन्शुलिनची सुई घेताना तो तिच्या पायाशी बसलेला लागतो. मी त्या दोघांकडे बघतो आणि काही बोलत नाही.

हे सगळं मी का वाचत बसलो, त्याचं खरं कारण अजून लिहिलेलं नाही. मी नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे काळू होता. साधा गावठी. कोंबड्या मारायला लागला म्हणून वडिलांनी त्याला पलीकडे सोडायचं ठरवलं. तेव्हा असंच करत, नदीपार सोडलं की परत येत नाही. काळू वडिलांच्या मागून जायचा नाही, माझ्या मागून यायचा. म्हणून मला बरोबर घेतलं. हातात पोदेराचा गरम उंडा दिला. जुन्या गोव्याहून दिवाडीच्या फेरीत काळू माझ्या मागोमाग चढला, पलीकडे उतरला. मी उंडा खाली ठेवला, तो खायला लागला आणि आम्ही त्याच फेरीने परतलो. फेरी सुटल्यावर त्याने वर बघितलं. भुंकला नाही. पाण्यात उतरला नाही. शेपूट हलवत धक्क्यावर उभा राहिला, आम्ही परत येणार असं समजून.

गेल्या महिन्यात आईला दिवाडीला एका लग्नाला जायचं होतं. टिप्याला घरी ठेवलं तर हेल काढणार, म्हणून बरोबर नेला. फेरीत तो पायाशी बसून मांडवीचा वास घेत होता. पट्टा मी मनगटाला दोन वेढे देऊन धरला होता. आईच्या ते लक्षात आलं. "दोरी घट्ट धर," म्हणाली, आणि पाण्याकडे बघत राहिली.