प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

मे १९९९ मध्ये बर्कलीच्या 'सेटी ॲट होम'ने लोकांचे रिकामे बसलेले संगणक मागितले, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. गणित प्रोसेसरच करायचा. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या 'फोल्डिंग ॲट होम'ने ग्राफिक्स कार्डासाठी प्रोग्रॅम काढला आणि चित्र पालटलं. प्रथिनाची घडी समजायला हजारो अणूंची एकमेकांवरची बलं मोजावी लागतात. गणित तेच, आकडे वेगळे. कार्डातली असंख्य छोटी गणनाकेंद्रं ते एकदम उरकतात. पण प्रत्येक पायरी मागच्या उत्तरावर अडून असेल, तर कार्ड नुसती वीज खातं. 'रोझेटा ॲट होम'सारखा मोठा प्रकल्प प्रोसेसरवरच चालत राहिला. तेव्हा कार्ड नाही म्हणून मागे राहू नका. आधी प्रकल्पाचं गणित बघा, मग विजेचं बिल!