संमतीपत्रावरचा अर्धवट शब्द : जोब वॉटसनचं परत गेलेलं पदक

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमधला उणे ऐंशीचा फ्रीजर साफ करत होते. मागच्या रांगेत माझ्याच अक्षरातली एक छोटी ट्यूब सापडली. वर लिहिलं होतं, ‘पेप्टाइड, नवीन’. तारीख नाही, बॅच नंबर नाही, कॉन्सन्ट्रेशन नाही. लिहिताना सगळं पाठ होतं, त्यामुळे जास्त लिहायची गरज वाटली नसणार. आता काही केल्या आठवेना. ट्यूब टाकून दिली. माझं नुकसान तेवढ्यावर भागलं.

पण अशाच एका अर्धवट नोंदीपायी एका माणसाचं सर्वोच्च पदक गेलं. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला वाटतं, म्हणून आज खेळाच्या इतिहासाकडे वळते आहे.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, पण त्याची मैदानं आपल्याला चांगली ओळखीची आहेत. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हिवाळ्यात या खेळाचं असतं. लंबगोल मैदान, एका बाजूला १८ खेळाडू. पंच मध्यभागी चेंडू खेळात आणतो आणि तिथे जी झुंबड उडते, त्यातून चेंडू बाहेर काढून आपल्या माणसाकडे देणं हे मिडफिल्डरचं काम. धावा भरपूर, मार भरपूर, गोल मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर.

जोब वॉटसन अशा झुंबडीतला मिडफिल्डर. जन्म १९८५ चा. वडील टिम वॉटसन हे एसेंडन क्लबचं मोठं नाव. त्यांनी १५ व्या वर्षी पदार्पण केलं आणि ३०७ सामने खेळले. मुलगा २००२ मध्ये ‘पिता-पुत्र’ नियमाने त्याच क्लबात आला. पहिली काही वर्षं त्याच्यावर एकच टीका व्हायची, पोरगा संथ आहे. पायांत वेग नव्हता, तो त्याने हातांनी भरून काढला. गर्दीत, अंगावर दोन माणसं असताना, नेमका हँडबॉल द्यायचा. २००९, २०१० आणि २०१२ असं तीनदा तो क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१० पासून कर्णधार होता. आणि २०१२ मध्ये ब्राउनलो पदक.

हे पदक १९२४ पासून दिलं जातं. प्रत्येक सामन्यानंतर मैदानावरचे पंच ३, २, १ अशी मतं देतात आणि ती हंगाम संपेपर्यंत गुप्त राहतात. हंगामात निलंबन झालेला खेळाडू अपात्र ठरतो, कारण पदक ‘सर्वात सचोटीच्या आणि सर्वोत्तम’ खेळाडूसाठी आहे. वॉटसनला ३० मतं पडली. ट्रेंट कॉचिन आणि सॅम मिचेल प्रत्येकी २६ वर थांबले.

त्याच २०१२ च्या हंगामात एसेंडनमध्ये आणखी एक गोष्ट चालू होती. स्टीफन डँक नावाच्या क्रीडाशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली खेळाडूंना पूरक पदार्थांची इंजेक्शनं दिली जात होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये क्लबने स्वतःच चौकशीची विनंती केली. झिगी स्विटकोवस्की यांनी क्लबसाठी केलेल्या परीक्षणाचा सूर असा होता की औषधांचे प्रयोग चालले होते, पण त्यांवर ना नीट नियंत्रण होतं, ना पुरेशी नोंद. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोटोकॉल नाही, एथिक्स कमिटी नाही, लॅब नोटबुक नाही. आणि सब्जेक्ट कोण? क्लबचेच खेळाडू.

खेळाडूंनी संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. त्यात पदार्थांची नावं होती आणि त्यांपैकी एक होतं ‘थायमोसिन’. बस, एवढंच.

बायोकेमिस्ट्रीवाल्यांना इथेच अडचण लक्षात येईल. थायमोसिन हा एक रेणू नाही. १९६० च्या दशकात वासराच्या थायमस ग्रंथीतून जो अर्क वेगळा केला गेला, त्यातून पुढे सापडलेल्या पेप्टाइडांचं हे सामायिक आडनाव आहे. थायमोसिन अल्फा-१ मध्ये २८ अमिनो आम्लं असतात, थायमोसिन बीटा-४ मध्ये ४३. रचना वेगळी, काम वेगळं. बीटा-४ ॲक्टिनला बांधतो, ऊती भरून येण्याशी त्याचा संबंध जोडला जातो आणि खेळात त्याला बंदी आहे. कार्यक्रम चालवणाऱ्याचं म्हणणं असं की दिलं ते थायमोमॉड्युलिन, म्हणजे बंदी नसलेला पदार्थ. मग कुपीत नेमकं काय होतं? कुठलीही चाचणी पॉझिटिव्ह आलेली नव्हती. बीटा-४ शरीरात नैसर्गिकरीत्याही असतो, त्यामुळे नंतर रक्त-लघवीत शोधून उत्तर मिळणं अवघड. उत्तर एकाच ठिकाणी मिळू शकलं असतं, ते म्हणजे नोंदवहीत. आणि तीच धड नव्हती.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मार्च २०१५ मध्ये लीगच्या उत्तेजकविरोधी न्यायाधिकरणाने ३४ खेळाडूंना निर्दोष ठरवलं. तिथे पुरावा साखळीसारखा मांडला गेला होता. पदार्थ परदेशातून आला, फार्मासिस्टकडे गेला, तिथून डँककडे, तिथून खेळाडूच्या शरीरात. यातल्या कड्या पक्क्या सिद्ध झाल्या नाहीत, त्यामुळे साखळी तुटली.

‘वाडा’ने क्रीडा लवादाकडे अपील केलं. जानेवारी २०१६ मध्ये निकाल बरोबर उलटा लागला. सिद्धतेची कसोटी तीच आणि पुरावाही बहुतांशी तोच. बदलली होती ती मांडणी. लवादाने पुराव्याकडे साखळी म्हणून नाही, दोरखंड म्हणून पाहिलं. एकेक धागा कच्चा असेल, पण सगळे मिळून भार पेलतात की नाही? त्यातला एक धागा खेळाडूंच्याच हातचा होता. उत्तेजक चाचणीच्या वेळी ‘अलीकडे काय घेतलं?’ हा रकाना भरायचा असतो. त्या रकान्यात इंजेक्शनांचा उल्लेख नव्हता.

म्हणून वॉटसनला निव्वळ बळी म्हणणं मला पटत नाही. तो कर्णधार होता, त्याने सही केली होती, आणि त्याच्याही बाजूने नोंद अपुरीच राहिली. पण ‘त्याने फसवलं’ असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. आपल्या शरीरात काय गेलं हे ज्याला स्वतःलाच खात्रीने सांगता येत नाही, त्याच्या सहीला माहितीपूर्ण संमती कसं म्हणायचं? सही होती, माहिती नव्हती. नियम मात्र स्पष्ट आहे, शरीर तुमचं म्हणजे जबाबदारीही तुमची.

बंदीमुळे २०१६ चा पूर्ण हंगाम गेला. एसेंडन गुणतक्त्यात तळाला गेलं. वॉटसन काही काळ न्यूयॉर्कमध्ये एका कॅफेत कॉफी बनवत होता. स्वित्झर्लंडच्या न्यायालयातलं अपीलही ऑक्टोबरमध्ये फेटाळलं गेलं. नोव्हेंबरमध्ये लीगने निर्णय देण्याआधीच त्याने पदक परत करत असल्याचं जाहीर केलं. या सन्मानाबद्दल लोकांच्या मनात शंका असेल, तर तो परत देणंच सचोटीचं आहे, अशी त्याची भूमिका होती. पदक कॉचिन आणि मिचेलला मिळालं. २०१७ मध्ये वॉटसन परत आला, क्लबबरोबर बाद फेरीपर्यंत पोहोचला आणि २२० सामन्यांवर थांबला.

आज २०१२ च्या रकान्यात दोन नावं दिसतात. त्या वर्षीचं वर्तमानपत्र काढलंत तर तिसरंच नाव दिसेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही कागद लागतील, आणि मधली चार वर्षं समजून घ्यावी लागतील.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं साधं आहे. तुमच्या प्रयोगात माणसं असतील, तर संमतीपत्रावर पदार्थाचं पूर्ण नाव, मात्रा, बॅच आणि कारण हे सगळं असायलाच हवं. समोरच्याला ते त्याच्या भाषेत समजलं आहे का, हे विचारून घ्या. माणसं नसतील, नुसत्या ट्यूबच असतील, तरी ग्रीक अक्षर आणि आकडा गाळू नका. मी त्याच दिवशी मार्कर घेऊन उरलेल्या ट्यूब तपासायला बसले. एकूण एकसष्ट होत्या. अकरा टाकून द्याव्या लागल्या.